बाल्कनीत फुलतं ते ब्रह्मकमळ हिमालयातलं नाही! अल्पाइन झाडं आणि रॉक गार्डन म्हणजे नेमकं काय?

पावसाळा सुरू झाला की फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो हमखास दिसतो. रात्री अकरा-बाराची वेळ, बाल्कनीतली कुंडी, त्यात पूर्ण उमललेलं मोठं पांढरं फूल, शेजारी निरांजन आणि खाली ओळ: ‘आमच्याकडे आज ब्रह्मकमळ फुललं!’ पुढच्याच फॉरवर्डमध्ये वाचायला मिळतं की, हे फूल हिमालयात वाढतं, केदारनाथला वाहतात आणि ते फुलताना दिसणं भाग्याचं असतं.

फोटो खरा असतो आणि हिमालयाची माहितीही बरीचशी खरी असते. फक्त या दोन गोष्टी दोन वेगळ्या झाडांच्या आहेत.

महाराष्ट्रात घरोघरी ‘ब्रह्मकमळ’ म्हणून लावलं जातं ते एपिफायलम ऑक्सिपेटलम. ते निवडुंगाच्या कुळातलं असून मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं आहे. त्याचं ‘पान’ म्हणजे खरं तर चपटं खोड. म्हणूनच एक तुकडा मातीत खोचला की नवीन झाड तयार होतं आणि शेजारणीकडून शेजारणीकडे पोहोचतं.

केदारनाथ-बद्रीनाथला वाहिलं जाणारं ब्रह्मकमळ म्हणजे सॉसुरिया ऑब्व्हालाटा. हे सूर्यफुलाच्या कुळातलं झाड हिमालयात साधारण ३,००० ते ४,८०० मीटर उंचीवर वाढतं. उत्तराखंडचं ते राज्यफूल आहे. ते निवडुंगाच्या फुलासारखं एका रात्रीत उमलून कोमेजत नाही. जांभळट फुलांच्या गुच्छाभोवती फिकट पिवळसर, कागदासारखी पातळ पानं होडीसारखी मिटलेली असतात. आपल्याला ‘पाकळ्या’ वाटतात त्या हीच पानं.

हे दुसरं ब्रह्मकमळ पुण्या-मुंबईच्या कुंडीत का जगत नाही? या प्रश्नाच्या उत्तरात अल्पाइन वनस्पतींचं सगळं गणित आहे. आणि याच गणितावर जगभरात एक छंद उभा आहे. त्याचं नाव रॉक गार्डनिंग.

अल्पाइन वनस्पती कशाला म्हणतात?

डोंगर चढत गेलं की हवा थंड होत जाते. साधारण दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. एका टप्प्यानंतर मोठी झाडं वाढूच शकत नाहीत. वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान साधारण ६ ते ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की जंगल संपतं. या रेषेला वृक्षरेषा म्हणतात. आल्प्समध्ये ती साधारण २,००० मीटरच्या आसपास आहे, तर हिमालयात बऱ्याच ठिकाणी ३,५०० मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर.

वृक्षरेषेच्या वर आणि कायमच्या बर्फाच्या खाली जो पट्टा उरतो तो अल्पाइन पट्टा. हे नाव अर्थातच आल्प्सवरून आलं. उत्तराखंडमध्ये या पट्ट्यातल्या गवताळ कुरणांना ‘बुग्याल’ म्हणतात, तर काश्मीरमध्ये डोंगरी कुरणाला ‘मर्ग’. गुलमर्ग, सोनमर्ग ही नावं त्यातूनच आली.

महाराष्ट्रात हा पट्टा नाही. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. म्हणजे अल्पाइन पट्टा सुरू व्हायला अजून तेवढाच एक कळसूबाई वर ठेवावा लागेल!

अल्पाइन झाडं माणसांच्या ओळखीची मात्र आहेत. ऑस्ट्रियात वापरल्या जाणाऱ्या युरोच्या १, २ आणि ५ सेंटच्या नाण्यांवर अनुक्रमे जेन्शियन, एडलवाइस आणि प्रिम्युला ही तीन डोंगरी फुलं आहेत.

ही झाडं एवढी बुटकी का असतात?

अल्पाइन पट्ट्यात वाढीचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. बाकी काळ बर्फ. वारा जोरात, ऊन प्रखर, रात्र थंड आणि माती नावापुरती. तिथे टिकण्यासाठी झाडांनी वेगवेगळे उपाय शोधले आहेत.

पहिला उपाय म्हणजे उशीसारखं वाढणं. सायलीन अकॉलिस हे झाड जमिनीला चिकटून घट्ट हिरव्या उशीसारखं वाढतं. बाहेर वारा कितीही असो, उशीच्या आतली हवा स्थिर राहते. ऊन पडलं की आतलं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही जास्त चढू शकतं. डोंगरावर उभं राहिलं तर थंडी वाजते आणि दगडाआड झोपलं तर ऊब लागते, तसंच हे.

दुसरा उपाय म्हणजे लोकर. हिमालयातलं फेनकमळ हे ब्रह्मकमळाचंच भावंड. ते इतक्या दाट पांढऱ्या केसांनी झाकलेलं असतं की दुरून कापसाचा गोळा वाटतो.

तिसरा उपाय म्हणजे स्वतःचं काचघर. ब्रह्मकमळाची ती कागदी पानं उजेड आत घेतात आणि ऊब धरून ठेवतात. आतली फुलं त्यामुळे थंडी-पावसापासून वाचतात.

चौथा उपाय डोळ्यांना दिसत नाही. वर चार बोटं उंचीचं झाड असतं, पण त्याचं मूळ दगडांच्या फटीतून खोलवर गेलेलं असतं. अल्पाइन झाडाचं खरं घर वरच्या पानांत नसून खालच्या फटीत असतं. रॉक गार्डन करणाऱ्याला सगळ्यात आधी हेच शिकावं लागतं.

मग या झाडांना मारतं काय?

बहुतेकांना वाटतं, बर्फातलं झाड उष्णतेने मरतं. ते अर्धंच खरं आहे. गंमत म्हणजे इंग्लंडसारख्या थंड देशातही ही झाडं पटापट मरतात, आणि तीही हिवाळ्यात.

कारण डोंगरावरचा हिवाळा कोरडा असतो. जाड बर्फाखाली झाड गोधडीत झोपल्यासारखं असतं. बाहेर उणे वीस अंश असले तरी बर्फाखाली तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं. बर्फ वितळेपर्यंत मुळांना फारसं पाणी लागत नाही. इंग्लंडच्या सखल भागात मात्र हिवाळाभर रिपरिप पाऊस, आज गोठलं तर उद्या वितळलं. झोपलेलं झाड आठवडेच्या आठवडे ओलं राहतं आणि खोड जिथे मातीला टेकतं तिथून कुजतं.

म्हणून तिकडचे बागकाम करणारे हिवाळ्यात लोकरी पानांच्या झाडांवर काचेचा तुकडा उभारतात. चारही बाजू उघड्या, फक्त डोक्यावर छप्पर. हा आडोसा पावसासाठी असतो, थंडीसाठी नव्हे.

‘अल्पाइन हाऊस’ नावाचं काचघरही याच कामासाठी असतं. नेहमीचं काचघर ऊब देतं. हे मात्र विनाहीटरचं आणि भरपूर खिडक्यांचं असतं. लंडनच्या क्यू उद्यानात २००६ मध्ये उघडलेलं डेव्हिस अल्पाइन हाऊस त्याचं प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या जमिनीखाली काँक्रीटचा चक्रव्यूह आहे. हवा त्यातून फिरते, थंड होते आणि झाडांवर सोडली जाते. गरम झालेली हवा उंच छतातून बाहेर पडते. झाडांना डोंगरावरचा वारा मिळावा म्हणून एवढा खटाटोप!

‘सगळी अल्पाइन झाडं सारखीच’ असंही नाही. आल्प्समधल्या अनेक झाडांना चुनखडीचा खडक आणि लख्ख ऊन लागतं. पूर्व हिमालय आणि तिबेटच्या बाजूला मात्र उन्हाळ्यात पावसाळी ओलावा असतो. तिकडची निळी खसखस, म्हणजे मेकोनॉप्सिस, थंड आणि दमट उन्हाळ्यात खुलते. १९१३ मध्ये ब्रिटिश अधिकारी एफ. एम. बेली यांनी तिबेटमध्ये तिचा एक प्रकार टिपला आणि १९२४ मध्ये फ्रँक किंग्डन-वॉर्ड यांनी त्याचं बी ब्रिटनमध्ये आणलं. आज ते झाड कोरड्या दक्षिण इंग्लंडपेक्षा पावसाळी स्कॉटलंडमध्ये जास्त सुखाने वाढतं.

रॉक गार्डन म्हणजे चंदीगडचं का?

भारतात ‘रॉक गार्डन’ म्हटलं की नेक चंद यांनी टाकाऊ वस्तूंमधून उभारलेलं आणि १९७६ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं चंदीगडचं उद्यान आठवतं. ते शिल्पांचं उद्यान आहे. इथे जो विषय आहे तो वेगळा. या रॉक गार्डनमध्ये दगड झाडासाठी असतात. डोंगरावरची फट, उतार, निचरा आणि सावली यांची छोटी नक्कल बागेत करायची, एवढाच त्याचा अर्थ.

याची सुरुवात बरीच जुनी आहे. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनमध्ये १७७३ मध्ये एक दगडी बाग तयार झाली. त्यात टॉवर ऑफ लंडनचे जुने दगड होते आणि निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांनी आइसलँडहून आणलेला लाव्हा खडकही. १८७१ मध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात रॉक गार्डन उभं राहिलं.

मग श्रीमंतांमध्ये चढाओढ लागली. वकील सर फ्रँक क्रिस्प यांनी फ्रायर पार्क या आपल्या इस्टेटीत चक्क मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती बांधली. पुढे १९७० मध्ये ही इस्टेट बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने विकत घेतली.

अशा देखाव्यांवर तुटून पडणारा माणूस म्हणजे रेजिनाल्ड फॅरर. यॉर्कशरच्या क्लॅपहॅम गावात वाढलेला, १८८० चा जन्म. झाडाची गरज न बघता दगड नुसते खोचून ठेवणाऱ्यांची त्याने आपल्या लेखनात मनसोक्त टर उडवली. १९१४ मध्ये त्याचा एक टोला क्रिस्प यांना एवढा लागला की त्यांनी उत्तरादाखल पत्रक छापून वाटलं. आजच्या भाषेत सांगायचं तर बागकामाच्या जगातलं ते मोठं ट्विटर-वॉर होतं.

फॅररचं म्हणणं साधं होतं: आधी झाड डोंगरावर कसं राहतं ते बघा, मग दगड ठेवा. तो स्वतः आल्प्समध्ये आणि चीनच्या कान्सू प्रांतात भटकला. आपल्या गावाजवळच्या कड्यावर त्याने बंदुकीत बिया भरून झाडल्या, असंही सांगितलं जातं. १९१९ मध्ये त्याचं ‘द इंग्लिश रॉक गार्डन’ हे दोन खंडांचं पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी बर्माच्या डोंगरांत वनस्पती शोधत असताना वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर छंदाला संघटनेचं रूप आलं. १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये अल्पाइन गार्डन सोसायटी, १९३३ मध्ये स्कॉटिश रॉक गार्डन क्लब आणि १९३४ मध्ये अमेरिकेत रॉक गार्डन सोसायटी सुरू झाली. या संस्थांचे सभासद आपल्या बागेतलं बी गोळा करून पाठवतात आणि ते इतर सभासदांत वाटलं जातं. लंडन किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरांनाही या मार्गाने अल्पाइन बी कायदेशीरपणे मिळवता येतं.

रॉक गार्डन बनवतात कसं?

पद्धती बऱ्याच आहेत. मुख्य तीन बघूया.

उतारावरची बाग: मातीचा उंचवटा करून त्यात दगड बसवतात. दगडाचा बराचसा भाग मातीत गाडलेला असतो आणि तो किंचित मागे झुकलेला असतो, म्हणजे पावसाचं पाणी मुळांकडे जातं. सगळ्या दगडांचे थर एकाच दिशेला ठेवतात, कारण खऱ्या डोंगरात ते तसेच असतात.

फटींची बाग: ही पद्धत चेक प्रजासत्ताकातल्या छांदिष्टांनी लोकप्रिय केली. चपटे दगड पुस्तकांसारखे उभे आणि अगदी जवळजवळ लावतात. मधल्या अरुंद फटींत वाळूमिश्रित माती भरतात आणि झाड फटीत लावतात. वर खोडाजवळ कोरडं, खाली मुळांशी थंड आणि ओलसर. डोंगरावर जे मिळतं तेच.

दगडी डोण: इंग्लंडमध्ये जनावरांना पाणी पाजायच्या जुन्या दगडी डोण्यांमध्ये छोटी अल्पाइन बाग करायची पद्धत आहे. आपल्याकडे गावागावांत वाड्यांच्या मागे पडलेल्या दगडी डोण्या असतात, तशाच त्या. खरी डोण मिळाली नाही तर सिमेंट, वाळू आणि कोकोपीटच्या मिश्रणातून हलकी डोण ओतता येते. तळाला भोकं मात्र हवीतच.

तिन्ही पद्धतींत मातीचं मिश्रण साधारण सारखं असतं: साधी माती, जाड वाळू आणि बारीक खडी. वर दोन-तीन सेंटिमीटर खडीचा थर. तो शोभेसाठी नसतो. खोडाजवळ ओल राहू नये आणि पावसाच्या थेंबांनी पानांवर चिखल उडू नये म्हणून तो घालतात.

इथे एक लोकप्रिय गैरसमज दूर करायला हवा. ‘कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्या भरा, निचरा चांगला होतो’ हा सल्ला शेकडो रील्समध्ये मिळतो. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडकून राहतं. त्यामुळे ओलसर थर वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. खडी तळाला घालण्यापेक्षा मातीतच मिसळणं जास्त उपयोगाचं.

महाराष्ट्रात हे करता येईल का?

खऱ्या अल्पाइन झाडांसाठी प्रामाणिक उत्तर: जवळजवळ नाही.

पुण्यात जुलैतही रात्रीचं तापमान साधारण २२ अंशांच्या आसपास असतं. झाड दिवसा उन्हात साखर तयार करतं आणि रात्री श्वसनात ती खर्च करतं. रात्र जितकी गरम तितका खर्च जास्त. थंड रात्रींना सरावलेल्या झाडाचा जमाखर्च इथे जुळतच नाही आणि ते हळूहळू खंगत जातं. वर त्याला हिवाळ्याची झोपही मिळत नाही.

‘बी फ्रिजमध्ये ठेवून उगवता येतं’ हे खरं आहे. अनेक डोंगरी बियांना उगवण्याआधी काही आठवडे ओलसर थंडी लागते आणि फ्रिज ती देऊ शकतो. पण बी फ्रिजमध्ये राहू शकतं, झाड नाही. रोप वर आल्यावर त्याला एप्रिल महिना बघावाच लागतो.

महाबळेश्वरला तरी जमेल का? उंची सुमारे १,३५० मीटर. वेण्णा तलावाजवळ एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याची बातमी येते खरी, पण पावसाळ्यात तिथे धो-धो पाऊस आणि हिवाळ्यात बर्फाची गोधडी नाही. दोन्ही बाजूंनी अडचण.

मग महाराष्ट्राला दगडातल्या झाडांची ओळखच नाही का? आहे, आणि तीही फार श्रीमंत. सह्याद्री आणि कोकणातले सडे म्हणजे निसर्गाने केलेलं रॉक गार्डनच. साताऱ्याजवळचं कास पठार हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कासही आहे. जांभ्या खडकावर बोटभर माती, आणि त्यात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, वायतुरा.

पण हा खेळ अल्पाइनच्या उलटा आहे. हिमालयातलं झाड थंडीत झोपतं, कासचं झाड उन्हाळ्यात. पावसाळ्यात या पठारावर पाणी साचतं आणि इथल्या बऱ्याच झाडांना तेच हवं असतं. त्यानंतर कित्येक महिने खडक तापलेला आणि कोरडा. तेव्हा ती बी किंवा कंदाच्या रूपात दडून राहतात. म्हणूनच कासहून उपटून आणलेलं रोप कुंडीत जगत नाही. शिवाय तिथून काहीही उपटणं बेकायदा आहे, ते वेगळंच.

घरी दगडी बाग करायचीच असेल तर आपल्या हवेला साजेशी झाडं निवडावीत. अडेनियम, हॅवर्थिया, पानफुटी, ऑफिस टाइम किंवा चिनी गुलाब ही झाडं खडीच्या मातीत आनंदाने राहतात. जूनपासून वर पत्र्याचा किंवा काचेचा आडोसा द्यावा, चारही बाजू उघड्या ठेवाव्यात. इंग्लंडमधल्या माळ्याची काच इथेही कामी येते, फक्त ऋतू बदलतो.

ऑनलाइन शिकताना काय बघायचं?

या विषयाचं सर्वांत चांगलं साहित्य आज फुकट उपलब्ध आहे. फॅररचं १९१९ चं पुस्तक स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि इंटरनेट अर्काइव्हवर वाचता येतं. जुने वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर आहेत. अल्पाइन गार्डन सोसायटीने आपला वनस्पतिकोश ऑनलाइन ठेवला आहे. भारतातल्या झाडांसाठी इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि ई-फ्लोरा ऑफ इंडिया आहेत.

प्रश्न माहिती मिळण्याचा नाही. ती कोणत्या डोंगरासाठी लिहिली आहे, हे ओळखण्याचा आहे. एखाद्या व्हिडिओत ‘याला भरपूर ऊन द्या’ असं सांगितलेलं असतं. सांगणारा स्कॉटलंडचा असेल तर त्याचं ‘भरपूर ऊन’ आणि नागपूरचं ‘भरपूर ऊन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘हे झाड कणखर आहे’ याचाही तिकडचा अर्थ ‘थंडी सोसतं’ एवढाच असतो. उकाड्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

म्हणून कुठल्याही झाडाबद्दल वाचताना चार प्रश्न विचारायचे:

१. याचं शास्त्रीय नाव काय? स्थानिक नावाने फसगत होते. ब्रह्मकमळ हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण.

२. हे मूळचं कुठलं? क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर शास्त्रीय नाव टाकलं की नकाशा दिसतो. मूळ प्रदेश हिरव्या रंगात आणि माणसाने नेलेले प्रदेश जांभळ्या रंगात.

३. तिथे किती उंचीवर आणि कधी पाऊस पडतो? उन्हाळी पावसाचा डोंगर की हिवाळी बर्फाचा?

४. सांगणारा कुठे राहतो? त्याच्या गावाचं तापमान एकदा शोधून बघायला अर्धा मिनिट पुरतो.

या चार उत्तरांत झाड तुमच्याकडे जगेल की नाही ते बहुतेक वेळा कळतं. पैसे खर्च करायच्या आधीच.

व्हायरल फुलं आणि खरेदीचे धोके

‘हिमालयात ४०० वर्षांतून एकदाच फुलणारं पॅगोडा फूल’ अशी पोस्ट अनेकांनी पाहिली असेल. अशा पोस्टमध्ये दिसणारा उंच, फिकट पिवळा, देवळाच्या कळसासारखा मनोरा म्हणजे ऱ्हियम नोबिल. सिक्कीमसह पूर्व हिमालयात ते ४,००० मीटरच्या वर वाढतं. त्याची पारदर्शक पानं काचघराचं काम करतात. काही वर्षं ते जमिनीलगत पानं पसरून राहतं, एकदाच फुलतं, बी धरतं आणि मरतं. ४०० वर्षांचा काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हूकर यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. त्याचे आंबट देठ सिक्कीममध्ये खाल्ले जात आणि तिथे त्याला ‘चुका’ म्हणत. आपली आंबट चुक्याची भाजीही त्याच वनस्पती कुळातली आहे! खोट्या ४०० वर्षांपेक्षा ही खरी गोष्ट जास्त रंजक नाही का?

फोटोंच्या मागोमाग विक्री येते. निळ्या गुलाबाचं बी, ‘अस्सल हिमालयन ब्रह्मकमळ’, रंग बदलून किंवा एआयने तयार केलेली चित्रं. पाकिटात काय निघेल याची खात्री नसते. २०२० मध्ये अमेरिकेत हजारो लोकांना न मागवलेल्या बियांची पाकिटं टपालाने आली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याला ‘ही पेरू नका’ असं सांगावं लागलं. परदेशी बियांबरोबर रोग आणि तण येऊ शकतात. म्हणूनच भारतात परदेशातून बी-रोपं मागवायची तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशातले नियम लागू होतात. त्यासाठी साधारणपणे आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं.

आणि ‘अस्सल हिमालयन’ माल खरंच अस्सल असेल तर? तो प्रश्न आणखी गंभीर आहे, कारण तो बहुधा कुठल्या तरी बुग्यालातून उपटलेला असतो. अल्पाइन झाड वर्षातले दोन-तीन महिनेच वाढतं, त्यामुळे उपटलेल्याची भरपाई व्हायला फार वर्षं लागतात. ब्रह्मकमळाच्याच प्रजातीगटातली कुष्ठ ही वनस्पती याचा पुरावा आहे. तिचं मूळ औषधासाठी आणि सुगंधासाठी एवढं खणलं गेलं की तिला आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजे साइट्सच्या, सर्वांत कडक यादीत टाकावं लागलं. रानातल्या कुष्ठाच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला त्यामुळे बंदी आहे.

‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ची गोष्टही माहीत असावी. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना गिर्यारोहक फ्रँक स्माइथ या दरीत पोहोचले. १९३८ च्या त्यांच्या पुस्तकामुळे ती जगाला कळली. १९३९ मध्ये इथे वनस्पती गोळा करायला आलेल्या जोन मार्गारेट लेग यांचा कड्यावरून पाय घसरून मृत्यू झाला. त्यांची समाधी आजही दरीत आहे. १९८२ मध्ये ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. आज तिथून परवानगीशिवाय फूलच काय, बीही उचलता येत नाही.

हिमालयातल्या औषधी वनस्पती रानातून न खणता शेतात कशा वाढवता येतील, यावर गढवाल विद्यापीठाचं उच्च पर्वतीय वनस्पती संशोधन केंद्र काम करतं. त्याचं एक क्षेत्रीय केंद्र तुंगनाथजवळ अल्पाइन उंचीवर आहे. म्हणजे झाड खाली आणण्याऐवजी तिथले संशोधक झाडापर्यंत वर जातात.

पण झाडांना आणखी वर जाता येईल का?

हवामान बदलाचा सर्वांत स्पष्ट हिशेब याच पट्ट्यात दिसतो. २०१८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात युरोपातल्या ३०२ शिखरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १४५ वर्षांच्या नोंदी होत्या. शिखरांवरच्या वनस्पतींच्या प्रजाती वाढत असल्याचं दिसलं, आणि हा वेग १९५७ ते १९६६ या दशकाच्या तुलनेत २००७ ते २०१६ मध्ये पाचपट झाला होता.

प्रजाती वाढल्या ही चांगली बातमी वाटते. पण या नव्या प्रजाती खालून वर आलेल्या आहेत. खाली उकडायला लागलं म्हणून त्या चढल्या. त्या जास्त उंच आणि जास्त वेगाने वाढणाऱ्या असतात. शिखरावर आधीपासून असलेल्या बुटक्या उशीला मात्र त्याच्या वर जायला डोंगरच शिल्लक नाही.

अशा वेळी एडिंबरो किंवा क्यूसारख्या बागांमधल्या दगडी फटींना वेगळं महत्त्व येतं. तिथे बी जपलं जातं आणि झाड कसं वाढतं याचा अनुभव नोंदवला जातो. सभासदांनी एकमेकांना पाठवलेल्या बियांमुळे रानातून उपटण्याची गरजही कमी होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात करण्यासारखं काय आहे? पुढच्या पावसाळ्यात ब्रह्मकमळाचा फोटो आला की खाली त्याचं खरं नाव लिहिता येईल. मेक्सिकोतून येऊन आपल्या बाल्कनीत रुळलेल्या निवडुंगाचं कौतुक जरूर करावं, ते फूल सुंदरच आहे. आणि हिमालयातलं ब्रह्मकमळ बघायचं असेल तर जुलै ते सप्टेंबर या काळात हेमकुंडची वाट धरावी, फोटो काढावा आणि फूल तिथेच ठेवावं.